इन्फ्रारेडचा शेक आणि आईच्या पायाची बोटं

मंडळी, सायबर कॅफेत येऊन हे लिहून राहिलो, कारण सकाळपासून डोक्यातून जातच न्हाई.

आईचे गुडघे दुखतात म्हणून आज तिला हिंगोलीतच फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नेलं. तिथं इन्फ्रारेड दिव्याचा शेक देतात. नुसता लाल उजेड, ना धूर ना राख. आई घरूनच गुडघ्यांना तेल चोळून आलेली, आपल्याकडं शेकायच्या आधी लावतात तसं. शेक देणाऱ्या म्याडमनी आधी ते पुसायला लावलं.

"तेलावर हा शेक घेतला तर कातडी भाजते, मावशी. अन् चटका बसला की लगेच सांगा."

आई काय सांगणार? सगळा जन्म चुलीम्होरं गेलेला. "सोसतंय मला," म्हणाली आणि तशीच पडून राहिली.

मी बाजूला पेपर वाचत होतो. म्याडमचं लक्ष मात्र आईच्या पायांकडं होतं. एकदम उठून त्यांनी दिवा मागं ओढला. आईनं पायाची बोटं घट्ट आवळून धरली होती.

"मावशी, इथं सोसायचं न्हाई. सोसलं तर फोड येतो. पुरे म्हणायचं."

थोड्या वेळानं आई हळूच म्हणाली, "पुरे, पोरी."

मी पेपरातून मान वर केली. हा शब्द तिच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता.

दुपारी भाकरी थापता थापता ती मधेच उठली. "मला पुरे झालं. उरलेल्या तू थाप."

माझी भाकरी तव्यावर टाकतानाच फाटली. आई बसून बघत होती, पण उठली न्हाई.

तुमच्या आईला 'पुरे' म्हणताना तुमी शेवटचं कधी ऐकलं?