माझ्या नावाची काठी

नोकरीच्या पहिल्या दिवशी वडील मला शाळेत पोचवायला आले. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि चौथीच्या वर्गाचा गुरुजी म्हणून रुजू व्हायला निघालो होतो. मिसरूड धड फुटलेलं नव्हतं, पण राज्य नवं होतं, जिल्हा परिषद त्याहून नवी होती आणि शाळा इतक्या भराभर निघत होत्या, की मॅट्रिक पास झालेला दिसला की त्याला खडू देत. खामगावहून पिंपळगाव राजाची बस धरली, मध्येच एका फाट्यावर उतरलो आणि पुढं कोसभर पायी गेलो. वडिलांच्या एका हातात माझी वळकटी होती आणि दुसऱ्या हातात काठी.

काठी बोरीची होती. काटे तासून, तेल पाजून वडिलांनी ती चांगली आठ-दहा दिवस खपून केली होती. वडील वाटेत पडलेला सुतळीचा तुकडासुद्धा उचलून खिशात घालणारे. मला वाटलं, काठी नेहमीसारखी सोबतीला घेतली असेल. शाळेत पोचल्यावर त्यांनी हेडमास्तरांना रामराम केला आणि ती त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हा माहा पोरगा. हाडं आमचे, चामडं तुमचं. चुकला त सोडू नका."

हेडमास्तरांनी काठी उचलली, थोडी वाकवून पाहिली आणि "चांगली आहे," म्हणाले. मग खणातून पुठ्ठ्याचा तुकडा काढून त्यावर माझं पूर्ण नाव लिहिलं, खाली 'सहायक शिक्षक' असं लिहिलं, तो सुतळीनं काठीला बांधला आणि काठी भिंतीवर एका खिळ्याला टांगली. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. वडील समाधानानं फाट्याकडं परत गेले आणि मी धरणीनं पोटात घ्यावं म्हणून वाट बघत उभा राहिलो.

जरा वेळानं भिंतीकडं नीट पाहिलं, तर तिथं शे-दीडशे काठ्या टांगलेल्या होत्या. प्रत्येकीला पुठ्ठा, प्रत्येक पुठ्ठ्यावर एका पोराचं नाव आणि वर्ग. त्या गावाची रीतच अशी होती, की पोराचं नाव शाळेत घालायचं तर बापानं काठी घेऊन यायचं. बाप निरगुडीची नाहीतर बोरीची आणत. एखादी आई आली, तर ती तुराटी आणायची, कारण तुराटी पहिल्याच फटक्याला मोडते. पूर्वी या काठ्या वर्गावर्गात जात आणि आठवड्याभरात संपत. हेडमास्तर देऊळगाव राजाकडचे, चार वर्षांपूर्वी बदलून आलेले. काठी नको म्हटलं असतं, तर हा मास्तर पोरं बिघडवतो म्हणून गावानं पोरं काढून नेली असती. म्हणून त्यांनी प्रत्येक काठी मानानं घेतली आणि आपल्या खोलीत अडकवून ठेवली.

मारायला त्यांची मनाई नव्हती. ज्या मास्तराला मारायचं असेल, त्यानं स्वतः पटांगण ओलांडून यायचं, कोणाची काठी हवी आणि कशासाठी ते सांगायचं आणि त्याच पोराच्या काठीनं मारायचं. मास्तर तणतणत आला की हेडमास्तर कोपऱ्यातल्या माठाकडं बोट दाखवून म्हणत, "आधी पाणी प्या." पटांगण मोठं होतं आणि माठातलं पाणी गार होतं. पाणी पिऊन झाल्यावर कारण सांगायचं म्हणजे 'बाजूच्याला चिमटा काढला' हे मोठ्या माणसासमोर मोठ्यानं म्हणावं लागे. बरेच मास्तर नुसतं पाणी पिऊन परत जात.

ज्या पोराची काठी बरेच दिवस निघाली नसेल, त्याला आठवडाभर घंटा वाजवायला मिळे. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी बाप येऊन काठी परत नेत असत. एकदाही न निघालेली काठी मिळालेला बाप सरळ घरी जात नसे, आधी पारावर जाई. मास्तरांसाठीही सोय होती. ज्यानं आठवडाभर काठी मागितली नाही, त्याचा शनिवारचा शेवटचा तास हेडमास्तर स्वतः घेत, म्हणजे त्याला लवकरची बस सापडे. मला आईच्या हातचं खायला मिळण्याचा तेवढाच एक मार्ग होता. पहिल्या तीन महिन्यांत मी एकदाही काठी मागितली नाही. माझ्या अंगी थोर मन आहे असा तेव्हा माझा समज झाला होता.

त्या भिंतीवर एक खिळा असा होता, की त्याला नुसताच पुठ्ठा टांगलेला, काठी नाही. त्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलीचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, 'वडिलांना बोलवावे.' मी हेडमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, ही मुलगी खालच्या वस्तीतली. त्या वस्तीनं काही वर्षांपूर्वी धर्म बदलला आणि गावकीची कामं सोडली. तिचा बाप तिचं नाव घालायला रिकाम्या हातानं आला. काठी कुठं आहे विचारल्यावर म्हणाला, "काठी आमच्या घरी पिढ्यानपिढ्या व्हती. गावाची व्हती, राखणीची. माह्या बापानं ते खांद्यावर घेऊन जनम काढला. आम्ही ते गावाले वापस करून देली. आता नवी आणणार नाही. पोरगी चुकली त मले बोलवा, मी येतो." हेडमास्तरांनी तेच पुठ्ठ्यावर लिहिलं आणि खिळा ठोकला.

ही मुलगी दाराजवळ बसायची. तिला उत्तर येत असलं की ती बोट वर करायची आणि मी दुसऱ्याकडं पाहिलं तरी बोट खाली घ्यायची नाही. तिचा बाप खामगावला जिनिंगमध्ये कापूस तोलायच्या काट्यावर होता, रोज सायकलनं जायचा. तेव्हा शेर-मण जाऊन किलो-ग्रॅम नुकतेच आले होते. पुस्तकं बदलली होती, मास्तर बदलायचे होते. मी स्वतः शेरात शिकलेला. एका शुक्रवारी मी फळ्यावर लिहिलं, एक किलो म्हणजे शंभर ग्रॅम.

"गुरुजी, हजार," ती म्हणाली.

मी म्हणालो, खाली बस. ती बसली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "पन हजारच असते गुरुजी. माहा बाप रोज मोजते." मागच्या रांगेतलं कोणीतरी फिसकन हसलं. पुढं काय करायचं ते मला स्वच्छ ठाऊक होतं. पटांगण ओलांडायचं, पाणी प्यायचं, कारण सांगायचं. पण कारण काय सांगणार? शिवाय दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि आई त्या दिवशी पुरण घालणार होती. मी टेबलावरची लाकडी पट्टी उचलली, तिला हात पुढं करायला सांगितलं आणि दोन मारल्या. दुसरी जोरात बसली. ती रडली नाही. तिनं हात फ्रॉकला पुसला आणि फळ्यावरचं पाटीवर उतरवून घेतलं, शंभर.

पट्टी कोणाच्याच नावाची नसल्यामुळं नियम मोडला नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. शनिवारी ती आली नाही. हेडमास्तरांनी माझा शेवटचा तास घेतला, मी लवकरची बस धरली आणि घरी जाऊन पुरणपोळ्या खाल्ल्या. वडिलांनी विचारलं, "काठी निघाली का तुही?" मी नाही म्हणालो. पोळी घशाखाली उतरत होती, हे मला आजही आवडत नाही.

सोमवारी ती आली नाही, मंगळवारी नाही. मुलगी शाळेतून सुटायला तेव्हा मोठं कारण लागत नसे. चार दिवस घरी राहिली की पाचव्या दिवशी कापूस वेचायला जाई, आणि मग हजेरीपटात नाव कमी करणं एवढंच मास्तराचं काम उरे. ते नाव मी माझ्या हातानं कमी करणार होतो. बुधवारी मी पटांगण ओलांडून गेलो. हेडमास्तरांनी माझा चेहरा पाहिला आणि माठाकडं बोट केलं. मी पाणी प्यालो आणि सगळं सांगितलं. पुरणपोळीसुद्धा सांगितली.

मला वाटलं, आता रिपोर्ट जाणार. ते म्हणाले, "शनिवारच्या बसची अट मी घातली, ती चुकीची होती. काठी मागू नये म्हणून घातली, तर तुम्ही न मागता मारायला शिकलात. या आठवड्यापासून शेवटचा तास मी पाळीपाळीनं घेईन, कोणी काठी मागो न मागो." मग त्यांनी तो नुसता पुठ्ठा खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिला. "यावर काय लिहिलंय ते वाचा. बोलवायला तुम्हीच जा. मी वस्तीपर्यंत सोबत येतो, पण बोलणार नाही."

आणि ते खरंच बोलले नाहीत. अंधार पडायच्या आत आम्ही खालच्या वस्तीत गेलो. बाप नुकताच आला होता, सायकल पुसत होता. त्याच्या केसांत अजून सरकी होती. मी म्हणालो, शाळेत यायला पाहिजे. त्यानं विचारलं, "पोरगी चुकली का?" मी म्हणालो, नाही, मी चुकलो. तो हेडमास्तरांकडं बघायला लागला, हेडमास्तर सायकलकडं बघत राहिले. "सकाळी येतो, कामावर जाता जाता," तो म्हणाला.

सकाळी तो आला तेव्हा शाळा भरायची होती. मुलगी बाहेर लिंबाखाली सायकलचं हँडल धरून उभी राहिली. बाप आत आला, पण बसला नाही.

"गुरुजी, मार लागला त्याचं काई नाही," तो मला म्हणाला. "पन ते मले इचारून राह्यली, बाबा, हजार म्हनलं त मार बसते, मंग मी शंभर म्हनू का? तिले काय सांगू? मी रोज काट्यावर उभा राह्यतो. मी शंभर मोजू का?"

हेडमास्तर उठले, माझी बोरीची काठी खिळ्यावरून काढली आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. "ज्याची चूक, त्याची काठी. शाळेचा नियम आहे. ही यांच्या वडिलांनी आणून दिली." बापानं काठी हातात घेतली आणि पुठ्ठ्यावरचं माझं नाव एकेक अक्षर करत वाचलं. तोवर माझा हात आपोआप पुढं झाला होता, पोरांचा होतो तसा. मी खरोखर घाबरलो होतो आणि मार बसावा असंही मला वाटत होतं.

"हात खाली घ्या गुरुजी," तो म्हणाला. मग भिंतीकडं वळून त्यानं हेडमास्तरांना विचारलं, "ह्याच खिळ्यावरची व्हती ना?" काठी त्यानं स्वतः परत अडकवली. ती नीट लोंबते का ते बघितलं. "फळ्यावर लिहा," तो मला म्हणाला, "अन् तिच्या देखत लिहा." बाहेर जाऊन मुलीच्या हातून सायकल घेतली आणि खामगावच्या रस्त्याला लागला.

मी वर्गात फळ्यावर एक हजार लिहिलं आणि म्हणालो की ही बरोबर होती आणि मी चूक होतो. मग मागच्या रांगेतून प्रश्न आला, "गुरुजी, मंग तुमची काठी निघाली का?" मी हो म्हणालो. त्या दिवसापासून माझ्या वर्गात कमी गोंधळ झाला; माझ्याबद्दल आदर वाढला असं मी म्हणणार नाही, पण आपल्यासारखीच याचीही काठी आहे हे पोरांना पटलं असावं. मुलीनं पाटीवरचं शंभर थुंकी लावून पुसलं. दुसऱ्या दिवशी तिचं बोट पुन्हा वर होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी बाप मंडळी काठ्या न्यायला आली, त्यांत माझे वडीलही होते. हेडमास्तरांनी पुठ्ठा सोडून काठी त्यांच्या हातात दिली. "एकदा निघाली होती."

"कितीक मारल्या?"

"एकही नाही."

"काऊन?" वडिलांना काठी वाया गेल्यासारखं वाटलं.

"ज्याच्या हातात दिली होती, त्याच्या घरी काठी चालत नाही," हेडमास्तर म्हणाले.

बसमध्ये वडिलांनी काठी गुडघ्यांत धरली आणि विचारलं, कोणाच्या हातात दिली होती. मी पहिल्यापासून सांगितलं. घरी खोटं बोललो होतो तेही सांगितलं. गावाची काठी वापस केल्याचं सांगितलं, तेव्हा ते खिडकीबाहेर बघायला लागले. आमच्याही गावात राखणीची काठी घेऊन एक म्हातारा आमच्या ओसरीच्या खाली उभा राहायचा, आणि वडील ओसरीवर बसून त्याला कामं सांगायचे. ते मी बोललो नाही. त्यांना आठवण द्यायची गरज नव्हती.

खामगावला आम्ही उतरलो. चार पावलं गेलो तोच मागून कंडक्टरनं हाक मारली, "ओ बुवा, काठी राह्यली तुमची."

वडिलांनी मागं वळून काठीकडं पाहिलं.

"आमची नाही," ते म्हणाले.