दादींची वाटणी

आमच्या पिंपरीच्या दादी जगातलं कुठलंही अंतर पापडाच्या दोऱ्याने मोजायच्या. उडदाच्या पिठाची वळकटी करून ज्या दोऱ्याने त्या लाट्या कापत, तोच दोरा पडद्याला, तोच शेजारच्या बाळाच्या उंचीला.

मीरा, चिनू, ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. तुमचे आजोबा पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागले होते आणि मी नवी नवरी होते. दादी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या. निर्वासितांच्या वसाहतीत एकट्या राहून पापड विकायच्या. मराठी त्या भाजीवाल्या बायकांकडून शिकल्या होत्या, त्यामुळे बोलणं अस्सल मावळी आणि मध्येच "बेटी".

त्यांचे दोन मुलगे नातेवाइकांच्या मागोमाग दक्षिण अमेरिकेत गेले होते. सँटियागोला दोघांचं मिळून कापडाचं दुकान होतं. तिथे भांडण झालं आणि धाकटा आंदीज पर्वत ओलांडून ब्युनोस आयर्सला निघून गेला. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. दादींना त्याचाच घोर.

एकदा माझा शाळेतला ॲटलास बघून म्हणाल्या, "पोरं कुठं हायती, दाव."

मी दाखवलं आणि हळूच म्हटलं, "आपल्यापासून फार लांब आहेत, दादी."

"ते मला ठावं हाय, बेटी. माझ्यापासून दोघंबी लांबच. त्या दोघांत किती, ते सांग."

त्यांनीच दोरा लावला. आंदीजवर पिठाची पांढरी रेघ उमटली. मी हिशेब केला. साधारण सातशे मैल, म्हणजे जवळजवळ इथून दिल्ली. मुंबईच्या विमान कंपनीत चौकशी करून तुमच्या आजोबांनी सांगितलं, "चारेक तास लागतात."

दादी हसल्या. "एवढंच? मला पुण्याचा बाजार करून यायला याहून जास्त लागतं! डोंगर कुठला आडवा येतोय? विमान वरनं जातं. आडवं येतं ते ह्यांचं नाक."

त्या हिवाळ्यात त्यांनी दोन पार्सलं केली. पत्ते इंग्रजीत घालायचे म्हणून मी होतेच. धाकट्याला पापडाशिवाय घास उतरत नसे आणि थोरला लोणच्याचा वेडा, हे सगळ्या वसाहतीला पाठ होतं. तरी सगळे पापड थोरल्याच्या डब्यात आणि सगळं लोणचं धाकट्याच्या.

"दादी, वाटणी चुकली!"

"चुकली न्हाई. केली. तू पत्ता लिही."

मग बरेच महिने काहीच कळलं नाही. दादी पोस्टमन दिसला की लाटणं थांबवत आणि तो पुढे गेला की जरा जास्तच जोराने लाटत. अखेर एक फोटो आला. एका टेबलाशी दोघं भाऊ, मध्ये लोणच्याची बरणी. पापड संपलेले असावेत, ताटलीत नुसता चुरा होता.

दादींनी सवयीने दोरा काढला, दोघांच्या खांद्यांपाशी नेला आणि पुन्हा बोटाला गुंडाळला. "हितं काय मोजायचं!" म्हणाल्या आणि पदराने फोटो पुसत बसल्या. फोटो स्वच्छच होता.

पुढे आम्ही पिंपरी सोडली. दादीही आता नाहीत.

तुम्हा बहीणभावाच्या गावांमध्ये विमानाने जेमतेम दोन तास आहेत, मी विचारून घेतलं आहे. गेल्या दिवाळीला तुम्ही भेटला नाहीत, हेही मला माहीत आहे. यंदाचा फराळ पाठवला आहे. चिनू, तुझ्या चकल्या मीराकडे आहेत. मीरा, तुझे बेसनाचे लाडू चिनूकडे.

वाटणी चुकलेली नाही.