बाला ऐकू येणारा आवाज

दहावीपर्यंत मी सुरतेतल्या लिंबायतच्या मराठी शाळेत शिकले. अकरावीला सायन्स घेतलं तेव्हा गुजराती माध्यमात जावं लागलं. भाषा बोलता येत होती, पण पुस्तकातली गुजराती निराळी. आपल्या 'त्वरणा'ला तिथे 'प्रवेग' म्हणतात हे कळेपर्यंत दोन धडे मागे पडले होते.

भौतिकशास्त्र शिकवणारे साहेब निवृत्तीला आलेले, सावकाश बोलणारे होते. पहिल्या तासाला त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. विचारलं, "आज घरून येताना काय दिसलं, काय ऐकलं?" मुलं सांगत गेली आणि साहेब फळ्यावर लिहीत गेले. वळताना कलंडलेली रिक्षा यांत्रिकीत गेली. चहाच्या किटलीची वाफ उष्णतेत, दुकानाच्या काचेतलं प्रतिबिंब प्रकाशात, विजेच्या खांबावरची ठिणगी विद्युतशास्त्रात. एका मुलीने 'सूर्य' म्हटलं. साहेब म्हणाले, "त्याचा उजेड प्रकाशात घाल, ऊन उष्णतेत घाल. पण तो जळत का राहतो, हे अणूच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही. ती शाखा सगळ्यात नवी."

माझी पाळी आली. वाटेवरचे यंत्रमाग आठवून मी म्हटलं, "लूमचा आवाज."

"ध्वनी," साहेब म्हणाले. मग त्यांनी तिथून इतर शाखांकडे रेघा ओढल्या. "पण मोटर विजेवर चालते. धोटा फेकला जातो, ती यांत्रिकी. बेअरिंग तापतं, ती उष्णता. वस्तू एकच असते, बेटा. आपण तिला काय विचारतो त्यावर शाखा ठरते."

ते वाक्य मला आवडलं, पण त्या दिवशी त्याचा माझ्या घराशी काही संबंध आहे असं वाटलं नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना बा म्हणायचो, खानदेशातून लग्नाआधीच सुरतेत आले होते आणि तेव्हापासून लूमच्या खात्यात कामाला होते. घरी ते शांत असायचे. मोठा भाऊ काही बोलला की उत्तर द्यायचे. आई किंवा मी बोललो की बहुधा नाही. आईने त्याचा अर्थ केव्हाच लावून टाकला होता. "त्यास्ले बायास्नं बोलनं आयकू येत नही," असं ती भांडी घासता घासता म्हणायची, आणि त्यात राग असायचा. मलाही ते पटलं होतं. मी वयात आल्यापासून बाशी थेट बोलणं सोडलंच होतं. काही हवं असलं की भावाला सांगायचं, तो बाला सांगायचा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ध्वनीचा धडा आला. साहेबांनी दोन नादकाटे आणले. मोठा रबरावर आपटला तर जाड, घुमणारा सूर आला. छोट्यातून बारीक, टोकदार. "सेकंदाला जितकी कंपनं जास्त, तितका सूर बारीक," ते म्हणाले. "बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज म्हणून बारीक."

तास संपल्यावर मी टेबलाजवळ उभी राहिले. विचारलं, "साहेब, एखाद्या माणसाला जाड आवाज ऐकू येतो आणि बारीक येत नाही, असं होतं का?"

"कोणाला होतंय?"

"माझ्या वडिलांना. ते लूमवर आहेत."

त्यांनी नादकाटे पेटीत ठेवले. "होतं. फार वर्षं गोंगाटात राहिलेल्या कानातून बारीक सूर आधी जातात. तू बोलतेस तेव्हा काहीतरी आवाज त्यांना येत असेल, पण शब्द सुटे होत नसतील. ओरडू नकोस, ओरडलं की आपला आवाज आणखी बारीक होतो. समोर बस, खालच्या सुरात, सावकाश बोल. आणि त्यांचे कान एकदा दाखवून घ्या."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी बा दारात बसून सायकलची साखळी पुसत होते. भाऊ बाहेर गेला होता. मी त्यांच्या समोर बसले, आवाज खाली आणला आणि म्हटलं, "बा, चहा ठेवू का?"

त्यांनी मान वर केली. "ठेव," म्हणाले.

चहा घेऊन आले आणि पुन्हा समोरच बसले. मग त्यांनीच विचारलं, "तू काय शिकस आते?"

मी फळ्यावरच्या शाखा सांगितल्या. घशातून तो जाड आवाज काढणं अवघड जात होतं, मध्येच खोकला येत होता. ते माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होते. कप रिकामा झाल्यावर म्हणाले, "माले वाटे, तू मन्हासंगे बोलतच नहीस. मोठी झाली, म्हणून."

मी कप उचलून आत गेले.

नंतर भाऊ त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा. कानात बोळे घालून काम करायला सांगितलं. बाने काही दिवस घातले, मग सोडले, मग माझ्या रोजच्या तगाद्याने पुन्हा सुरू केले.

मी पुढे बी.एस्सी. केलं, तेही भौतिकशास्त्रातच. पण त्या दिवसांत आईला हे सगळं समजावणं मला त्या पदवीपेक्षा कठीण गेलं. सांगितल्याच्या तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "इतला वरीस मी उगाच राग धरा." आवाज जाड करणं तिला काही जमलं नाही, तिला त्याचं हसू यायचं. तिने तिच्या परीने मार्ग काढला. बा जेवायला बसले की ती समोर पाट घेऊन बसायची, त्यांच्या हाताला हात लावायची, आणि त्यांनी वर पाहिलं की मगच बोलायला सुरुवात करायची.