दारातल्या उजेडात मल्लय्या मास्तर

मल्लय्या मास्तर ट्यूबलाइटखाली रंग कधी बघायचे नाहीत. टाकीतून सुताचा एक धागा काढायचा, पिळायचा, मनगटाला आतल्या बाजूनं गुंडाळायचा आणि डाईंगच्या, म्हणजे रंगखात्याच्या, दारात जाऊन उभं राहायचं. मागे वाफ, पुढे सोलापूरचं सकाळचं ऊन, आणि मधे हा उंच, थोडा वाकलेला माणूस, स्वतःची नाडी बघत असल्यासारखा. "ट्यूब खोटं बोलती. उनाला इचारायचं," म्हणायचे. त्यांची मान हलेपर्यंत टॉवेलचा सगळा कारखाना थांबायचा, मालकसुद्धा.

मी इकडचा नव्हे. वैनगंगेच्या काठचं माझं गाव. सातवीत शाळा सुटली, बरीच वर्षं दुसऱ्यांच्या शेतात राबलो, आणि चोविसाव्या वर्षी गावातल्या एकाच्या मागोमाग इतक्या लांब आलो. मास्तर तेलुगू घरातले, आजोबांपासून सुतातच. बोलायचे सोलापुरी, रागावले की तेलुगू. मला 'बिड्डा' म्हणायचे, म्हणजे लेकरू. मी "मले समजलं नाही" म्हटलं की म्हणायचे, "मले-तुले मागनं. आदी हात घाल." टाकीत उघडा हात घालायचा, हा त्यांचा पहिला धडा. रबरी हातमोजे खिळ्याला लटकलेले असायचे, पण तिकडे कोणी बघायचं नाही. "मोज्याला काय कळतंय? हाताला कळतंय."

त्या वाफेत माझी सहा वर्षं कशी गेली, मला नीट सांगता येत नाही. आत शिरलं की आवाज मऊ व्हायचे, माणसं कमरेपासून वरच दिसायची. बांबूंवरच्या सुताच्या ओल्या लड्या हलायच्या, तसे दिवस हलायचे. निळा लॉट असला की आमची थुंकी निळी, हिरवा असला की रुमाल हिरवा. त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. म्हणून एका मरून लॉटच्या आठवड्यात माझी लघवी लाल झाली, तेव्हा मला हसूच आलं.

चहाच्या वेळी मी ते सगळ्यांना सांगितलं. "मास्तर, आता मी आतूनबी रंगलो."

"चांगलं की," एक जण म्हणाला, "मालकाला फुकटात शाम्पल."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. "दुखतंय का?"

"नाही."

"जरापण न्हाय?"

"नाही, मास्तर."

त्यांनी कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी मला बाटलीत लघवी आणायला लावली. पांढऱ्या सुताचे दोन तुकडे घेतले. एक मरूनच्या टाकीत बुडवला, एक बाटलीत. दोन्ही दारातल्या तारेवर शेजारी शेजारी टाकले आणि कामाला लागले. दुपारी मला हाक मारली. टाकीतला धागा होता तसाच मरून होता. दुसरा तपकिरी पडला होता, कडेला गंजासारखा.

"ह्यो आपला रंग न्हाय, बिड्डा," मास्तर म्हणाले. "ह्ये रगत हाय. चल."

हाफ डे टाकून ते मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. सोनोग्राफी झाली. लघवीच्या पिशवीत बोराएवढी गाठ. डॉक्टर तरुण होते, हळू बोलले. "कॅन्सरचा संशय आहे. दुर्बिणीतून काढू, तपासायला पाठवू. मग नक्की कळेल." मी तिसाव्या वर्षात होतो. त्या खोलीतला पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज ऐकू येत नव्हता, एवढंच मला आठवतं.

ऑपरेशनच्या आधी कागदावर नातेवाइकाची सही हवी होती. मायला मी कळवलंच नव्हतं. मास्तरांनी पेन घेतलं.

"पेशंटचे कोण तुम्ही?" सिस्टरनं विचारलं.

"रंग शिकवनारा."

"आजोबा, तसं लिहिता येत नाही."

"मग काका लिवा. त्याला इचारू नका, त्यो लाजंल."

सिस्टर हसली. मला मात्र हसू येईना. "मास्तर, मले भेव वाटते," मी म्हणालो.

"भी की. भिऊ नको असं कोन म्हनलं? भ्यायचं, पन जाग्यावर ऱ्हायचं. पळतोय त्यो कच्चा रंग."

कमरेत इंजेक्शन दिलं. पाय आधी जड झाले, मग माझे राहिले नाहीत. मी जागा होतो, पण मला वैनगंगा दिसत होती. पाण्यात कोणीतरी पांढऱ्या लड्या सोडल्या होत्या आणि त्या सावकाश वाहत होत्या, एकीलाही रंग नव्हता. काठावरून डॉक्टरांचा आवाज येत होता, फार लांबून. मला वाटलं, कोणी उठवलं नाही तर बरं.

मग डोळा लागला असावा. उठलो तेव्हा लघवीची नळी लावलेली होती आणि खाटेला प्लास्टिकची पिशवी. पिशवीत लालभडक पाणी. मी तोंड फिरवलं. मास्तर स्टूल ओढून पिशवीसमोर बसले, टाकीसमोर बसावं तसे. मग त्यांनी वॉर्डातला पडदा सरकवला, ऊन पिशवीवर येऊ दिलं.

"डाळिंबी," म्हणाले. "सांगोल्याचा माल. फिका व्हईल."

तीन दिवस ते सकाळी कामावर जायच्या आधी आणि कामावरून सुटल्यावर यायचे. सोबत अम्मांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दिलेला डबा. आधी पिशवी उजेडात बघायची, मग डबा उघडायचा. दुसऱ्या दिवशी, "गुलाबी. पन मळकट गुलाबी, गिऱ्हाईक घ्यायचं न्हाय." त्याच संध्याकाळी, "कांद्याचं साल." शेजारच्या खाटांवरचे लोकही आपापल्या पिशव्या त्यांना दाखवू लागले. सिस्टरसुद्धा एकदा येऊन विचारून गेली, "काका, आज काय?" तिसऱ्या सकाळी मास्तर बराच वेळ बघत राहिले. "पानी," म्हणाले. आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता. पण वरच्या थरातला, लघवीच्या पिशवीच्या भिंतीत उतरलेला नव्हता. दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून तपासायचं, डॉक्टर म्हणाले. कशामुळे झालं, असं मास्तरांनीच विचारलं. डॉक्टर म्हणाले, "विडी असेल, रंगातली केमिकलं असतील. एकट्याचं नक्की सांगता येत नाही."

रिक्षा कारखान्याच्या गल्लीत थांबली. उतरल्यावर मास्तर म्हणाले, "हात घाल म्हनून मीच सांगितलं तुला."

"मी विड्याबी ओढत होतो, मास्तर."

"मोजं खिळ्याला व्हते," ते म्हणाले. "मी काढून दिलं न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून मला टाकीजवळ जायची बंदी झाली. मालकाशी भांडून त्यांनी मला घडी-पॅकिंगला लावलं. आणि स्वतः कोपरापर्यंतचे पिवळे मोजे घातले. त्या आठवड्यात त्यांच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा एक लॉट बिघडला. पोरं हसली. मास्तर म्हणाले, "हसा. पन मोजं घालून हसा." मोजा न घातलेल्या पोराला ते दारातूनच परत पाठवू लागले. त्यांचा हात पुन्हा बसायला वर्ष लागलं.

दर तीन महिन्यांनी ते माझ्याबरोबर यायचे. तपासणीच्या आठ दिवस आधीपासून मला झोप लागायची नाही. ते काही समजूत घालायचे नाहीत, नुसते बाकावर शेजारी बसायचे. "तुमीबी एकदा दाखवा," मी दर वेळी म्हणायचो. "माजं काय बघतोस," म्हणून उडवून लावायचे. शेवटी मी आत जायलाच नकार दिला, तेव्हा गेले. त्यांना काही निघालं नाही. बाहेर आल्यावर त्यांना आनंद झाला नाही. "एवढी वर्षं मी, आन तुला सहा वर्षांत," असं पुटपुटले आणि माझा हात धरून रस्ता ओलांडला.

गेल्या थंडीत मास्तर गेले. हृदयविकारानं, बसल्या जागी. पुढच्या तपासणीला मी एकटा गेलो. डॉक्टरांनी दुर्बीण काढली, म्हणाले, "स्वच्छ आहे. आता वर्षानं या."

बाहेर आलो. मायला फोन केला. तिला मी मागाहून सगळं सांगितलं होतं. ती रडली, मग फोन ठेवला. तरी सांगायचं राहिल्यासारखं वाटत होतं. पाय आपोआप मास्तरांच्या घराकडे वळले. अम्मा दारातच ज्वारी निवडत होत्या. मी कागद पुढे केला. त्यांना वाचता येत नाही. मलाही इंग्रजी एकेक अक्षर जोडूनच.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. माझं नाव, वय, तारीख. मग लांबलांब शब्द, ज्यांचा अर्थ मला कळत नव्हता, तेही अडखळत, एकही न गाळता. अम्मांनी सूप खाली ठेवलं होतं आणि पोथी ऐकावी तशा त्या हात जोडून ऐकत होत्या. खालची डॉक्टरांची सही आल्यावर मी थांबलो.

"झालं?"

"झालं, अम्मा."

"मग हात धू," त्या म्हणाल्या. "जेवायला वाढते."