कागलच्या अलीकडची जपानी खानावळ

पुण्याच्या दवाखान्यातून आबांना घरी घेऊन निघालो, तेव्हा त्यांना धास्ती होती ती फक्त नळीची. घशात गाठ होती. तिच्यासाठी त्यांना किरणांचे शेक दिले होते. आमच्याकडे त्याला ‘लाईट देणं’ म्हणतात. गाठ विरली, पण घसा आतून भाजून निघाला. निघताना डॉक्टरांनी मला आणि आईला समजावून सांगितलं की, यांनी तोंडाने खाल्लं पाहिजे; पुढच्या तपासणीपर्यंत वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल. आबा खुर्चीवर बसून ऐकत होते. गाडीत बसल्यावर घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले, “नळी नगं.”

आबांना तिखट फार लागायचं. नव्वदच्या दशकात मला कोल्हापूरला कॉलेजात घालायला ते आले होते. घरातला कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. वसतिगृहात माझी पत्र्याची पेटी ठेवून झाल्यावर त्यांनी मला स्टँडजवळच्या एका खानावळीत नेलं आणि अगदी मधल्या टेबलावर बसवलं. त्यांच्या लहानपणी आमच्या माणसांना हॉटेलात चहा मिळायचा तो वेगळ्या कपात, बाहेर बसून. ते त्यांनी त्या दिवशी बोलून दाखवलं नाही, पण भिंतीकडेची रिकामी टेबलं सोडून ते मध्ये का बसले, हे मला कळलं. तांबडा रस्सा त्यांनी इतक्या वेळा मागवला की वाढपी म्हणाला, “पावणं, पातेलंच ठेवू का म्होरं?” आबांनी घाम पुसत मान डोलवली, “ठेव की. पोरगं कॉलेजात गेलंय माझं.”

त्या माणसाला आता मिरचीचा नुसता वास सोसत नव्हता.

वाटेत कराडला दहीभात मागवला. त्याच्या फोडणीत मिरची होती. एका घासात आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुढे एका ठिकाणी कोरडी इडली दिली, ती घशाखाली उतरेना. कोल्हापूर मागे पडलं, तसे ते अस्वस्थ व्हायला लागले. कागलला वळलं की मुरगूडचा रस्ता, आणि त्याच रस्त्यावर आमचं गाव. आमच्या वस्तीत दवाखान्यातून माणूस घरी आला की प्रत्येक घरातून काहीतरी करून आणतात, आणि त्याने आपल्यातला घास खाल्ल्याशिवाय कुणी उठत नाही. मायेचीच रीत ती. आबा स्वतः कितीतरी आजाऱ्यांच्या उशाशी असे बसले होते.

त्यांनी मागून माझ्या खांद्याला हात लावला.

“हितंच कुठंतरी थांब. समद्यांच्या म्होरं ताट सारायला नगं.”

कागलच्या अलीकडे कारखान्यांच्या वसाहतीजवळ एक लॉज होतं. त्याच्या खाली पांढऱ्या पाटीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘जपानी जेवण मिळेल’. आई म्हणाली, म्हणजे चायनीजच असणार, त्यात लाल सॉस घालतात. तिचंही खरं होतं. आम्ही चौकातल्या चायनीजच्या गाड्याच तेवढ्या पाहिलेल्या. पण काच खाली केली तर त्या दारातून मसाल्याचा वास येत नव्हता. सकाळपासून असं एकही ठिकाण लागलं नव्हतं. मी गाडी उभी केली.

आत चारच टेबलं. एकावर तीन जपानी माणसं बसली होती, कारखान्यात नवीन यंत्रं बसवायला आलेली. मालक स्वतःच आचारी होता. मूळचा इकडचाच, पण बरीच वर्षं बोटीवर स्वयंपाकी होता आणि तिथे हे जेवण शिकला होता. आम्हाला बघून तो आधीच म्हणाला, “पावणं, आमच्यात रस्सा न्हाय, मिरची न्हाय. मागनं नावं ठेवू नका. गावातली लोकं ह्येला आजाऱ्याचं जेवाण म्हणत्यात.”

“मग बरोबर जागी आलो की,” आई म्हणाली.

त्याने आबांच्या मानेकडे पाहिलं. शेकांनी कातडी काळी पडली होती. तो तसाच आत गेला.

आमचं जेवण यायच्या आधी त्या तिघांचं आलं. त्यांतल्या वयस्क माणसाने ताटापुढे हात जोडले, मान झुकवली आणि काहीतरी पुटपुटला. आबा त्याच्याकडे बघतच राहिले. जपान हा बुद्धाचा देश, हे आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या विहारात वंदना सांगायचे ते आबा. कारखान्यावर ऊस गाडीतून उतरवून आले की अंघोळ करून, पांढरा सदरा घालून पुढे उभे राहायचे. ते एक ओळ म्हणायचे आणि सगळी वस्ती मागून म्हणायची. कुणी वंदना सुरू केली की आपण बसून राहायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता होता. आजारपणापासून ते काम दुसऱ्याकडे गेलं होतं.

आबा टेबलाला धरून उभे राहिले. मला वाटलं, उलटी होतेय. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि वंदनेतलं त्रिसरण म्हणायला सुरुवात केली.

आवाज कसला, नुसती खरखर होती. पण चाल तीच, विहारातली. ती तीन माणसं दचकून बघायला लागली. एकाच्या जेवायच्या काड्या तोंडाशीच राहिल्या. मग तो वयस्क माणूस सावकाश उठला आणि हात जोडून उभा राहिला. त्याच्यामागून बाकीचे दोघेही उठले. मालक हातात पळी घेऊन दारात येऊन थांबला. शेवटी आबांचा आवाज पार बसला, तेव्हा उरलेलं आईने म्हटलं. संपल्यावर ते तिघे आबांपुढे कमरेतून वाकले. आबाही तसेच वाकले आणि मग खाली बसले.

त्यांच्यापुढे झाकणाची एक वाटी आली. अंडं आणि पाणी एकत्र करून वाफवलेलं, खरवसासारखं थरथरणारं. शेजारी गुरगुट्या भात, आणि आंबवलेल्या सोयाबीनचं कोमट पाणी. सोयाबीन म्हटल्यावर आईला नवल वाटलं. ती दर वर्षी सोयाबीन काढायला जायची, पण ते असं पिता येतं हे तिला ठाऊक नव्हतं. आबांनी त्या माणसासारखे वाटीपुढे हात जोडले आणि चमचा उचलला. पहिला घास गेला. दुसरा गेला. आई खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिली, कारण ती बघते असं दिसलं की आबा थांबायचे. वाटी त्यांनी खरवडून संपवली. भातही अर्धा खाल्ला.

बाहेर पडताना मालकाने मला बाजूला घेतलं. ती काही वंदना नव्हती, त्यांच्यात जेवणाआधी अन्नाला हात जोडायची पद्धत आहे, असं तो हळू आवाजात म्हणाला. “तुमच्या वडलांला सांगायचं का न्हाय, ते तुमचं तुम्ही बघा. मी काय सांगणार न्हाय.”

मी वळून पाहिलं. आबा तोंड पुसत त्या वयस्क माणसाकडे बघून हसत होते. मीही सांगितलं नाही.

गाडीत ते म्हणाले, “पंगतीत घेतलं बघ त्यांनी.” बोलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी घर येईपर्यंत ते दोनदा हेच म्हणाले.

संध्याकाळी वस्ती जमली. आबांनी सगळ्यांना तीच गोष्ट सांगितली. मी जेवून आलोय, हे त्यांना अभिमानाने सांगता आलं. मालकाने आईला अंड्याची कृती सांगितली होती. आई अंडी फेटून पाण्यात मिसळायची, गाळायची आणि झाकणाला फडकं बांधून मंद आचेवर वाफवायची. आबा दर वेळी वाटीपुढे हात जोडायचे आणि मग खायचे. पुढच्या तपासणीत वजन टिकलेलं निघालं. नळीचं नाव कुणी काढलं नाही. मी पुण्याला नोकरीवर परत गेलो आणि आता सगळं ठीक होईल असं मानून चाललो.

उन्हाळ्यात त्यांना पाणीही गिळवेना. गाठ परत आली होती. मी गावी गेलो, तेव्हा त्यांनी हाताने खूण करून त्या जपानी खानावळीत न्यायला सांगितलं. आई नको म्हणत होती. मी त्यांना उचलून गाडीत ठेवलं. त्यांचं वजन माझ्या हातांना जाणवलं, ते अजून जाणवतं.

लॉज होतं, पण खालची पाटी लाल झाली होती. मटणाची थाळी, तांबडा, पांढरा. आत विचारलं, तर यंत्रं बसवून झाली आणि ती माणसं आपल्या देशाला गेली म्हणाले. मालकही दुसरीकडे गेला होता, कुठे ते कुणाला माहीत नव्हतं. गाडीच्या उघड्या काचेतून मसाल्याचा वास आत आला आणि आबांना ठसका लागला. तो थांबायला बराच वेळ गेला. मी काच वर केली आणि त्यांच्याकडे वळलो. तेच म्हणाले, “जायचीच की माणसं आपापल्या गावाला. चल.”

दुसऱ्या दिवशी नळी घातली. त्यांनी विरोध केला नाही.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. आई दूध कोमट करून, गाळून आणायची आणि नळीच्या तोंडाशी धरायची, पण लगेच सोडायची नाही. आबा उशीवरून थोडे उठायचे, हात जोडायचे, मान झुकवायचे. त्यांचं होईपर्यंत ती भांडं तसंच धरून उभी राहायची.