उतरलेले सेल

एके काळी दिघाशीत संध्याकाळी सावळारामच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नसे. भिवंडीला कापडाचे लूम चालवणाऱ्या या माणसाने आपल्या शेटचा जुना रेडिओ घरी आणला होता. शेटकडे वीज आली, नवा रेडिओ आला, आणि हा लाकडी पेटारा सावळारामच्या गळ्यात पडला. आत काचेचे व्हॉल्व्ह, चालायला विटेएवढी बॅटरी. बातम्या लागल्या की अर्धा गाव त्याच्यासमोर मांडी घालून बसे. सावळारामची बायको रंगूबाई कटकट करत सगळ्यांना चहा देई, आणि एखादा आला नाही तर त्याची चौकशीही तीच करी.

मग ती बॅटरी बाजारात यायची बंद झाली. रेडिओ मुका झाला. रंगूबाई वारली. लेक पंढरी शिफ्टच्या निमित्ताने भिवंडीतच राहिला. पंचाहत्तर साली सावळाराम काम सोडून गावी आला तेव्हा लुमांच्या खडखडाटाने त्याचे कान अर्धे गेले होते आणि ओटीवर बसायला तो एकटाच उरला होता. घर त्याला खायला उठे. रेडिओ लागला की माणसं परत येतील, असं त्याने मनाशी धरलं आणि मग कुणाचं ऐकलं नाही.

पेटारा घेऊन तो भिवंडीला दौलत मेकॅनिककडे गेला. दौलतने मागची फळी काढली तर आत उंदरांनी संसार थाटलेला. त्याने आतली घाण काढली, दोनचार भाग बदलले, व्हॉल्व्हचे पाय घासले.

"काका, ती बॅटरी आता विसरा," तो म्हणाला. "टॉर्चचे सेल एकामागे एक लावा, साठ-सत्तर. टॉर्चला उतरलेले असले तरी चालतील, या बाजूला करंट थोडाच लागतो. दुसऱ्या तारेला मात्र एकच सेल, नवा. तारांची अदलाबदल केलीत तर सगळे व्हॉल्व्ह एका दमात खलास."

सावळारामने खिशातून लुमाचा लाल दोरा काढला आणि त्या दुसऱ्या तारेला तिथेच बांधला.

मग पिशवी घेऊन तो दारोदार फिरला. "उतरलेला सेल हाय का?" म्हणून विचारी. शेताच्या राखणीला जाणाऱ्यांच्या घरी असे सेल कोनाड्यात पडलेले असतच. पण सेल हातावर ठेवून कुणी लगेच वाटेला लावत नसे. बसा म्हणत, पाणी देत. कुणाची म्हैस आटलेली, कुणाच्या सुनेला दिवस गेलेले. जमलेले सेल त्याने सुपात घालून उन्हात ठेवले, तेव्हा शेजारच्या हौसाने विचारलं, "काका, पापड घातलेत काय?" बांबू उभे चिरून त्यांच्या पन्हळीत त्याने सेल ओळीने बसवले, टोकांना पत्रा दाबला, जांभळीवर एरियलची तार चढवली.

आणि संध्याकाळी रेडिओ लागला. थोडी खरखर, मग स्वच्छ आवाज. सावळारामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने आवाज मोठा केला, चटई अंथरली, मोठ्या टोपात चहा ठेवला आणि वाटेकडे बघत बसला.

कुणी आलं नाही. माणसं वाटेने जात होती, "लागला का, काका?" म्हणून पुढे सरकत होती. कंटाळून त्याने आवाज बारीक केला, तरी बातम्या चालूच राहिल्या. हौसाच्या घरातून, पलीकडच्या घरातून, त्याच्या अर्ध्या कानांनाही कळेल इतक्या मोठ्याने तोच माणूस त्याच बातम्या सांगत होता. घरोघर ट्रान्झिस्टर आलेले. सेल मागायला गेला तेव्हा त्याने ते कोनाड्याकोनाड्यात पाहिले होते, पण मनावर घेतलं नव्हतं. चहा उकळून काळा झाला. एक कप तो प्यायला, बाकीचा केळीच्या बुंध्याला ओतला.

पुढचे काही दिवस तो एकटाच रेडिओ ऐकत बसला. ऐकू नीट येत नसे म्हणून मोठ्याने लावी. बोलणारा माणूस गोड बोले, पण त्याला उलट काही विचारता येत नव्हतं.

एका सकाळी रेडिओ बंद करून तो पिशवी घेऊन हौसाच्या दारात उभा राहिला.

"उतरलेला सेल हाय का, हौसे?"

"आता कशाला? लागला ना रेडिओ?"

"पयले सगले उतरले," सावळाराम जमिनीकडे बघत म्हणाला.

हौसा भाकऱ्या थापत होती. मघापर्यंत त्याच्याच रेडिओवरची गाणी तिने चुलीपाशी बसून ऐकली होती. हात धुऊन तिने कोनाडा उगाच चाचपला.

"आज तर एकबी न्हाय, काका. उद्या येऊन बघा," ती म्हणाली. "परवाबी या. बसा आता, चहा टाकते."

सावळारामने रिकामी पिशवी घडी करून मांडीखाली ठेवली आणि बसला.