एक माणूस कमी

मी लातूर सोडलं त्या दिवशी मला निरोप द्यायला स्टेशनवर तिघं आली होती, पण तिघांचंही लक्ष माझ्याकडे नव्हतं. पलीकडच्या रुळावर मिरजेहून आलेली पाण्याची गाडी उभी होती आणि अख्खा फलाट तिच्याकडे बघत होता. एका म्हातारीनं लांबूनच हात जोडले. तो दुष्काळ तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलाय, त्यामुळे जास्त सांगत नाही. शिकवणीला आलेली बाहेरगावची पोरं घरी परत गेली होती, खोल्यांना कुलपं होती, आणि गंजगोलाईच्या बाजारातल्या आमच्या पेंडीच्या दुकानात गिऱ्हाईक येई ते पेंड सोडून टँकरचीच चौकशी करी.

अव्वानं, म्हणजे आईनं, धपाटे बांधून दिले होते. आमचं मूळ घर उदगीरकडचं, कानडी वळणाचं, म्हणून आई अव्वा, वडील अप्पा आणि त्यांचे थोरले भाऊ दोड्डप्पा. हे दोड्डप्पा तोंड फुगवून उभे होते. लग्नाआधी पोरीनं नोकरीसाठी हैदराबादला जाणं त्यांना मुळीच पसंत नव्हतं. गाडी हलली तसे अप्पा खिडकीशी आले आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जा. घरात एक माणूस कमी म्हंजी रोज दोन घागरी वाचत्यात."

एवढंच. नीट राहा नाही, पोचलीस की फोन कर नाही. उदगीर मागे पडेपर्यंत मी धपाट्यांना हात लावला नाही.

हैदराबादेत माझी गैरसोय झाली नाही. आपल्या बोलण्यात निम्मे शब्द तिकडचेच. 'जरा सबर करो' म्हटलं की रिक्षावालाही आपलाच वाटे. पण नळाखाली बादली भरायला लागली की त्या दोन घागरी आठवत. पुढे जर्मनीत गेले, तिथं तर शॉवर. वर्षानुवर्षं मी अंघोळ अशी उरकली, जशी कुणीतरी दाराबाहेर रांगेत उभं आहे.

माझं काम रेल्वेच्या कंट्रोल ऑफिससाठी सॉफ्टवेअर करायचं. कंट्रोल ऑफिस म्हणजे स्टेशन नव्हे. तिथं गाडी दिसत नाही, शिट्टीही ऐकू येत नाही. एका खोलीत टेबलं असतात, प्रत्येक टेबलाला मार्गाचा एक तुकडा वाटून दिलेला. कुठली मालगाडी थांबवायची, कुठल्या एक्स्प्रेसला आधी सोडायचं, हे त्या टेबलावरचा कंट्रोलर ठरवतो. पूर्वी तो कानाला फोन लावून मोठ्या तक्त्यावर पेन्सिलीनं गाड्यांच्या रेघा ओढत असे. मग संगणक आले, तरी टेबल आणि तुकडा यांची गाठ पक्कीच राहिली. आमच्या नव्या सॉफ्टवेअरनं ती गाठ सोडवली. कुठलाही तुकडा कुठल्याही टेबलावर उघडता येतो, अर्धा करून शेजाऱ्याला देता येतो, काम कमी असेल तर दोन तुकडे एकाच पडद्यावर आणता येतात.

जर्मनीत आम्ही हे बसवलं तेव्हा केक कापला गेला. नंतर कंपनीनं मला नांदेडकडच्या एका कंट्रोल ऑफिसात चाचणीसाठी पाठवलं, तेव्हा केक कुणाला नको होता.

तिथले मुख्य कंट्रोलर बिराजदार. पहिल्या दिवशी मी इंग्रजीत माहिती सांगत होते. ते मधेच म्हणाले, "ताई, तुम्ही कुठल्या?"

"लातूरची."

"मग असं लांबून कामून बोलून राहिल्या? आपलं मराठीत सांगा की."

लोक हसले. मी मराठीत सुरुवात केली आणि खोली जरा सैल झाली. तेवढ्यात देगलूरच्या संगीताबाईंनी विचारलं. त्या किनवटकडचा तुकडा सांभाळत. "हे दोन टेबलांचं एक करता येतं म्हणता. म्हंजी एक माणूस कमीच ना?"

मी घाईनं पुढच्या मुद्द्याकडे वळले. कारण माझ्या साहेबांनी तेच लिहून मागितलं होतं: दुपारी काम कमी असतं त्या वेळेत किती माणसं वाचतील. आजवर हे वाक्य मी कितीतरी बैठकांत सहज बोलले होते. त्या दिवशी ते मी एका बाईच्या तोंडून ऐकलं, जिची नोकरी त्या वाक्यात अडकली होती, आणि मला आमचं स्टेशन आठवलं.

चाचणीतली ती दुपार मे महिन्यातली. काम कमी, म्हणून संगीताबाईंकडे दोन तुकडे दिले होते आणि शेजारच्या टेबलावरचे कुलकर्णी नुसतेच बसून होते. अशात किनवटच्या जंगलात वादळ झालं. इस्लापूरच्या पुढे रुळावर सागाचं झाड आडवं पडलं. एक पॅसेंजर मधेच उभी राहिली, तिच्यात एक बाळंतपणाला निघालेली बाई होती आणि तिला कळा सुरू झाल्या होत्या. गार्डाचा फोन, स्टेशन मास्तरांचा फोन, झाड काढायला निघालेल्या लोकांचा फोन, आणि दुसऱ्या तुकड्यात दोन मालगाड्या समोरासमोरच्या स्टेशनांवर हुकमाची वाट बघत.

"ताई, हे माझ्या एकटीच्यानं व्हायचं न्हाई," संगीताबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

मी दुसरा तुकडा उचलून कुलकर्ण्यांच्या पडद्यावर टाकला. त्याला काही क्षण लागले, जुन्या व्यवस्थेत ते जमलंच नसतं. कुलकर्ण्यांनी खुर्ची पुढे ओढली, फोन उचलला आणि मालगाड्या हाती घेतल्या. मोकळ्या झालेल्या संगीताबाईंनी पॅसेंजर मागच्या स्टेशनात परत घ्यायची परवानगी काढली, तिथं रुग्णवाहिका बोलावली, आणि गाडी मागे पोचेपर्यंत गार्डाला फोनवरून धीर देत राहिल्या, "हाव, आलंच स्टेशन. बायकांना म्हणावं, तिच्याजवळ बसा." संध्याकाळी निरोप आला, दवाखान्यात मुलगी झाली, दोघी सुखरूप. बिराजदारांनी सगळ्यांना चहा सांगितला.

मी त्याच आठवड्यात साहेबांना लिहिलं की काम एका टेबलावरून दुसऱ्यावर नेता येतं, पण दुसऱ्या टेबलावर माणूस असेल तरच. खुर्च्या कमी करण्याची शिफारस मी करणार नाही. साहेब नाराज झाले. पुढचा प्रकल्प मला मिळाला नाही. रेल्वेनं मात्र सॉफ्टवेअर घेतलं आणि माणसं तेवढीच ठेवली.

मग चार दिवस लातूरला गेले. दोड्डप्पा आता थकलेत, पण उदगीर जिल्हा व्हायला पाहिजे यावरचं त्यांचं भाषण तसंच आहे. अप्पा ऐकून म्हणाले, "लातूर जिल्हा झाला तव्हा आपण पेढे वाटले. पाणी मातर रेल्वेनंच आलं." दोघा भावांचं त्यावरून दणकून वाजलं. मी भाकरी थापणाऱ्या अव्वाजवळ जाऊन बसले आणि इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं. मला अप्पांनी पाण्यासाठी घालवलं का?

अव्वानं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. "येडी का काय तू? दोड्डप्पा आडवे पडले होते, पोरगी जाऊ देत न्हाई म्हणून. थोरल्या भावाला न्हाई कसं म्हणावं? मंग ह्यांनी घागरीचं काढलं. पाण्यापुढं कुणाचं चालत होतं त्या वर्षी? तू गेलीस अन् हे दुकान बंद करून दोन दिवस निजून होते."

ओसरीवर अप्पा अजून जिल्ह्यावरून भांडत होते. त्या दिवशी मी मोरीत सावकाश, डोक्यावरून अंघोळ केली.

नवी व्यवस्था सुरू होताना बिराजदारांनी छोटी पूजा ठेवली आणि घरच्यांना आणायला सांगितलं. अप्पा कडक इस्त्रीचं धोतर नेसून आले. भिंतभर पडद्यापुढे मागे हात बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यात आपलं लातूर कुठं हाय?"

"लातूर आमच्या हद्दीत न्हाई, अप्पा," बिराजदार म्हणाले. "ते शेजारच्या कंट्रोलकडं. अन् उदगीर तिसऱ्याकडं."

अप्पा माझ्याकडे वळले. "म्हंजी एवढं केलंस अन् घर न्हाई त्यात?"

"न्हाई."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "घराला कशाला पाहिजे कंट्रोल? तू कवाबी ये."

जर्मनीत परत आल्यावर इथल्या एका शेजारणीनं विचारलं, तू भारतात कुठली. आधी मी हैदराबादजवळची म्हणायचे, ओळखीचं नाव म्हणून. यावेळी लातूर म्हणाले. तिला कळलं नाही. मी चहा टाकला, तिला बसवलं आणि सांगायला सुरुवात केली.